येऊ घातलेला ग्रह आणि दहा रुपयांचे नाणे

पृथ्वीच्या दिशेने एखादा अज्ञात ग्रह चालून येत असल्याची आवई दर काही वर्षांनी उठते. त्याला कधी निबिरू म्हणतात, कधी प्लॅनेट एक्स. झेकरिया सिचिन यांच्या १९७६ च्या पुस्तकाने ३,६०० वर्षांतून एकदा फेरी मारणाऱ्या ग्रहाची कल्पना लोकप्रिय केली. १९९५ पासून अमेरिकेतल्या नॅन्सी लीडर असा एक ग्रह येत असल्याचे सांगू लागल्या आणि मुहूर्त निघाला मे २००३ चा. तो टळल्यावर २१ डिसेंबर २०१२ ची तारीख पुढे आली, मग डेव्हिड मीड यांची २३ सप्टेंबर २०१७. आपल्याकडे २०१२ ची भीती वृत्तवाहिन्यांनी घरोघरी पोहोचवली आणि पुढचे काम व्हॉट्सॲपने केले. मुहूर्त टळत गेले, तरी सूर्यास्ताच्या वेळी सूर्याशेजारी दुसरा गोळा दाखवणारे फोटो फिरतच राहिले. यावर नेहमीचे उत्तर असते, ‘नासाने इन्कार केला आहे.’ ते खरे असले तरी ज्याच्या मनात संशय आहे त्याच्या उपयोगाचे नाही, कारण त्याच्या मते नासाच आरोपी आहे. त्यापेक्षा बरा मार्ग असा की कोणावरच विश्वास न ठेवता दाव्यातलेच आकडे घ्यावेत आणि ते एकमेकांशी जुळतात का, हे आपणच पाहावे. ग्रहाचा दिसणारा आकार, त्याचे अंतर आणि तो पोहोचायला लागणारा वेळ या गोष्टी एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या आहेत की दावा करणाऱ्याला त्यातली एक मनाजोगी निवडता येते, पण मग उरलेल्या त्याच्या हातात राहत नाहीत. हे तपासायला आठवी-नववीचे गणित पुरते.

सुरुवात दिसणाऱ्या आकारापासून करू. आकाशात ‘फूटभर मोठा’, ‘ताटाएवढा’ या वर्णनांना अर्थ नाही. तिथे मोजायचा तो कोन. हात पूर्ण लांब केला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते, मूठ दहा अंश आणि ताणलेली वीत वीस-बावीस अंश. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे करंगळीआड दोन चंद्र मावतील. क्षितिजालगतचा चंद्र मोठा वाटतो तेव्हाही करंगळी लावून पाहा, माप तेवढेच येते. सूर्यही अर्ध्या अंशाचाच, मात्र त्याच्यावर हा प्रयोग उघड्या डोळ्यांनी करायचा नाही. आता एक सोयीचा नियम. कोणतीही गोल वस्तू तिच्या व्यासाच्या सुमारे ११० पट अंतरावर असली की चंद्राएवढी दिसते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आहे. ते भिंतीवर चिकटवून तीन मीटर मागे या, तेवढाच तुमचा चंद्र. त्याच्या लहानपणाचे बहुतेकांना आश्चर्य वाटते. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि अंतर ३,८४,४०० किलोमीटर, भागाकार करा, ११० येतात. सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर, अंतर १५ कोटी. भागाकार १०७ च्या आसपास. दोघे सारखे दिसतात ते यामुळेच.

हा नियम हाताशी असता तर ऑगस्ट २००३ नंतर जवळपास दरवर्षी फिरलेला ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश पहिल्या दिवशीच निकालात निघाला असता. मंगळाचा व्यास सुमारे ६,८०० किलोमीटर. त्याला ११० ने गुणले तर साडेसात लाख किलोमीटर होतात. चंद्राएवढा दिसायचा तर मंगळाला चंद्राच्या दुप्पट अंतरापर्यंत यावे लागेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी तो खरोखरच हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, आणि तरीही अंतर होते ५ कोटी ५७ लाख किलोमीटर. म्हणजे दिसणारी रुंदी चंद्राच्या पंचाहत्तराव्या भागाएवढी. मूळ मजकूर असा होता की ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळून पडली आणि मंगळ चंद्राएवढा झाला.

आता सूर्याशेजारच्या गोळ्याकडे येऊ. अशा फोटोंत तो सूर्याच्या निम्म्या आकाराचा असतो असे धरू, म्हणजे पाव अंश. एवढ्यावरून अंतर कळत नाही. वस्तू लहान आणि जवळ असेल किंवा मोठी आणि दूर. पण व्यास गृहीत धरला की अंतर ठरते. गोळा पृथ्वीएवढा, म्हणजे १२,७४२ किलोमीटर व्यासाचा असेल, तर तो २९ लाख किलोमीटरवर आहे; चंद्राच्या साडेसात पट. गुरूएवढा, म्हणजे १,४३,००० किलोमीटरचा असेल, तर सव्वातीन कोटी किलोमीटरवर. शुक्र आपल्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही यापेक्षा दूर असतो. आणखी मोठा मानायला वाव फार नाही. ग्रहात वस्तुमान ओतत गेलात तरी गुरूच्या आकारानंतर तो फारसा फुगत नाही, आतल्या आत दाबला जातो. अतिशय तापलेले काही परग्रह गुरूच्या दुपटीच्या आसपास सापडले आहेत, त्यांनाच मर्यादा मानू. म्हणजे ग्रह म्हणवणारी कोणतीही वस्तू पाव अंशाची दिसत असेल तर ती जास्तीत जास्त साडेसहा कोटी किलोमीटरवर, सूर्याच्या निम्म्याहूनही अलीकडे असलीच पाहिजे.

फोटोवाल्यांची पंचाईत नेमकी इथे होते. सूर्याच्या अगदी शेजारी दिसणारी आणि सूर्यापेक्षा अलीकडे असलेली वस्तू आपल्याला तिची अंधारी बाजू दाखवते. अमावास्येच्या आसपासचा चंद्र आठवा. तो सूर्यापासून पाच अंशांवर असतो तेव्हा त्याची प्रकाशित बाजू आपल्याकडे पाठ करून असते आणि कोर केसाहून बारीक होऊन उजेडात हरवते. म्हणून तर चंद्रदर्शनाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. सूर्याशेजारचा ग्रहही तसाच काळवंडलेला किंवा फार तर बारीक कोरीचा दिसायला हवा. फोटोत मात्र तो पूर्ण, गोल आणि झगझगीत असतो. तसा दिसायचा तर त्याला सूर्याच्या पलीकडे जावे लागेल, आणि पलीकडून पाव अंशाचा दिसायला त्याचा व्यास किमान सात लाख किलोमीटर लागेल. म्हणजे गुरूच्या पाचपट, तो ग्रह राहतच नाही. अलीकडे असेल तर चमकत नाही, पलीकडे असेल तर ग्रह नाही. या पेचातून सुटका नाही, आणि एवढे ठरवायला फोटो कोणी काढला, कुठे काढला हे विचारावेही लागत नाही.

मग फोटोत दिसते ते काय? बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या भिंगांत सूर्यप्रकाशाचे झालेले परावर्तन. ओळखायची खूण अशी की तो डाग आणि सूर्य हे फोटोच्या मध्यबिंदूच्या समोरासमोरच्या बाजूंना, एका रेषेत येतात आणि फोन थोडा फिरवला की डाग सरकतो, सूर्य जागचा हलत नाही. बोटाने किंवा खांबाने सूर्य झाकला तर परावर्तन तत्काळ नाहीसे होते. खरा ग्रह जागीच राहिला असता. दुसरी शक्यता सूर्याभोवतीच्या खळ्याची. विरळ उंच ढगांतल्या हिमस्फटिकांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना बावीस अंशांवर, म्हणजे ताणलेल्या वितीएवढ्या अंतरावर, तेजस्वी ठिपके उमटतात. त्यांचे अंतर मोजले की ओळख पटते. आणि फोटोतल्या सूर्याचा आकारही प्रमाण मानू नका. फोनच्या नेहमीच्या भिंगाने काढलेल्या चार हजार बिंदू रुंदीच्या चित्रात खरा सूर्य जेमतेम तीस बिंदूंचा असतो. भोवतीची पांढरी थाळी ही झगमगाटाची. खात्री करायची असेल तर त्याच फोनने, त्याच झूमवर रात्री चंद्र टिपा आणि त्याची रुंदी बिंदूंत मोजून घ्या. तीच तुमची मोजपट्टी.

दिसणाऱ्या आकारातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. आकाशातल्या गोलामुळे पृथ्वीवर येणारी भरती त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले व्यासाचा घन. म्हणून हिशेबाअंती उरते फक्त घनता आणि दिसणाऱ्या आकाराचा घन. अंतर उडून जाते! याचा पडताळा रोजचा आहे. चंद्र आणि सूर्य सारखेच मोठे दिसतात, पण सूर्याची घनता चंद्राच्या निम्म्याहून कमी, म्हणून सूर्याची भरतीही चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमीच. कोकणात ज्याला उधाण आणि भांग म्हणतात तो या दोघांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा खेळ. आता पाव अंशाचा, पृथ्वीसारखा खडकाळ ग्रह आणून बसवा. त्याची भरती चंद्राच्या सुमारे १८ टक्के येते. तो सूर्याच्याच बाजूला असल्यामुळे उधाण आणखी फुगेल, भांग आणखी मंदावेल आणि मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या फरकात फूटभर तरी तफावत पडेल. सर्व्हे ऑफ इंडिया भरतीचे तक्ते वर्षभर आधी छापते. मच्छीमारांना, बंदरावरच्या लोकांना ते चुकलेले पहिल्याच पंधरवड्यात कळले असते. गुरूसारख्या हलक्या वायुग्रहाची भरती मात्र याच आकाराला चारेक टक्केच येते. ती किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जाणवणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण गुरूएवढे वस्तुमान सव्वातीन कोटी किलोमीटरवर असेल तर त्याची पृथ्वीवरची ओढ सूर्याच्या ओढीच्या दोन टक्के भरते. एवढ्या ओढीने पृथ्वी पहिल्या दिवशी चारशेहून अधिक किलोमीटर आणि दहा दिवसांत चाळीस हजारांहून अधिक किलोमीटर आपल्या वाटेवरून ढळेल. मंगळाभोवतीच्या यानांचे अंतर काही मीटरच्या अचूकतेने मोजले जाते. तिथे एवढी चूक लपत नाही.

आता वेळेकडे वळू. येणाऱ्या वस्तूचा व्यास, अंतर, वेग यांपैकी काहीही माहीत नसले तरी ती कधी पोहोचेल ते सांगता येते, फक्त तिचा दिसणारा आकार दोनदा मोजायचा. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो. म्हणून आकार दुप्पट व्हायला जितका काळ लागला, उरलेले निम्मे अंतर कापायलाही तितकाच काळ लागणार. दहा दिवसांत आकार दहा टक्क्यांनी वाढला असेल तर शंभर दिवस उरले. वेग कायम आहे आणि वस्तू सरळ येत आहे एवढे यात धरले आहे. थोडा फरक पडेल, निष्कर्ष बदलणार नाही. या कसोटीवर जुने फोटो लावून पाहा. वर्षानुवर्षे सूर्याशेजारी त्याच आकाराचा गोळा दिसत असेल तर तो येत नाही. खरा वेग काढला तर हे आणखी स्पष्ट होते. ३,६०० वर्षांच्या कक्षेतून सूर्याकडे पडणाऱ्या वस्तूचा वेग पृथ्वीच्या कक्षेपाशी सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर असतो. हा केप्लर-न्यूटनचा हिशेब आहे, त्यात ग्रहाच्या मर्जीला जागा नाही. दिवसाला ३६ लाख किलोमीटर. म्हणजे पृथ्वीएवढा ग्रह सरळ आपल्याकडे येत असेल आणि पाव अंशाचा दिसत असेल, तर फोटो पुढे पाठवायलाही एका दिवसापेक्षा कमी वेळ उरला आहे. गुरूएवढा असेल तर नऊ दिवस. बारा दिवस आधीपर्यंत तर पृथ्वीएवढा ग्रह नुसत्या डोळ्यांना गोल दिसणारच नाही, कारण आपली नजर अंशाच्या साठाव्या भागाहून लहान वस्तू ठिपका म्हणूनच पाहते.

ठिपका म्हणून मात्र तो फार आधीपासून दिसेल. त्याच केप्लर-न्यूटनच्या हिशेबाने, दूर असताना वेग कमी असतो हे धरून, पोहोचायला एक वर्ष उरले असताना तो गुरूच्या कक्षेच्या किंचित पलीकडे असेल आणि तीन वर्षे उरली असताना शनीच्या कक्षेच्या थोडा पुढे. गुरूएवढा असेल तर वर्षभर आधी तो आकाशातल्या सर्वांत ठळक ताऱ्यांना मागे टाकेल. गल्लीतली पोरेही हा कोणता तारा म्हणून विचारतील. पृथ्वीएवढा असेल तर तीन वर्षे आधी नुसत्या डोळ्यांना निसटेल, पण साध्या द्विनेत्रीत सापडेल. अगदी कोळशासारखा काळा धरला तरी मध्यम दुर्बिणीच्या टप्प्यात येईल. हौशी निरीक्षकांची नजर यापेक्षा पुष्कळ दूर पोहोचते. हेल-बॉप धूमकेतू १९९५ मध्ये ॲलन हेल आणि थॉमस बॉप यांनी पाहिला तेव्हा तो गुरूच्या पलीकडे होता, आणि त्याचे केंद्रक काही डझन किलोमीटरांचे. २०१९ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला पाहुणा धूमकेतू गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला. गावागावांत विखुरलेल्या अशा माणसांना गप्प बसवणारे सरकार कोणते? लपवाछपवीचा आक्षेप मला इथेच लंगडा पडलेला दिसतो. कागदपत्रे दडवता येतात, आकाश कपाटात ठेवता येत नाही.

‘तो सूर्याच्या मागे लपून येतो’ हा दुसरा आक्षेप. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो. आज जे त्याच्या मागे आहे ते सहा महिन्यांनी मध्यरात्री डोक्यावर असते. वर्षानुवर्षे पडत येणाऱ्या ग्रहाला सूर्याचा आडोसा सतत मिळणे शक्य नाही. शिवाय १९९५ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या सोहो या यानाने सूर्याच्या अवतीभवतीचा पट्टा वर्षानुवर्षे टिपला आणि त्या चित्रांत हौशी लोकांनी हजारो लहान धूमकेतू शोधले आहेत. ‘फक्त दक्षिण ध्रुवावरून दिसतो’ या म्हणण्याला उत्तर द्यायला तर महाराष्ट्राबाहेर जायला नको. १९ अक्षांशावरून वर्षभरात आकाशाचा सुमारे ९७ टक्के भाग क्षितिजावर येतो, आणि उरलेल्यासाठी चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आहेतच. ‘प्रकाशच परावर्तित करत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की काळी वस्तू तापते आणि उष्णता बाहेर टाकते. वाइज या अवरक्त दुर्बिणीच्या पाहणीवरून केव्हिन लुहमन यांनी २०१४ मध्ये दाखवले की सूर्य-पृथ्वी अंतराच्या दहा हजार पटींपर्यंत शनीएवढा आणि सव्वीस हजार पटींपर्यंत गुरूएवढा ग्रह नाही. आणि न दिसणारा ग्रहही ओढतोच. युरेनसच्या चालीतल्या फरकावरून ल व्हेरिए यांनी जागा वर्तवली आणि गाले यांना तिथून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला, ती तारीख २३ सप्टेंबर १८४६. मीड यांनी प्रलयासाठी नेमकी हीच तारीख निवडावी, हा योगायोग गमतीचा आहे.

एक आक्षेप मात्र आदराने घ्यायला हवा. नववा ग्रह असू शकतो असे शास्त्रज्ञच म्हणतात ना? होय. कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी जानेवारी २०१६ मध्ये, दूरच्या काही लहान पिंडांच्या कक्षा एका बाजूला झुकलेल्या आहेत यावरून, तसा अंदाज मांडला. पण त्या अंदाजातला ग्रह सूर्यापासून काही शे सूर्य-पृथ्वी अंतरांवर फिरतो आणि आतल्या ग्रहांच्या प्रदेशात कधीच येत नाही. अजून तो दिसलेलाही नाही. त्याचा दिसणारा आकार आपल्या नियमाने काढला तर चंद्राच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास येतो. त्याचे नाव घेऊन निबिरूला प्रतिष्ठा देणे म्हणजे निव्वळ धूळफेक.

म्हणून पुढचा संदेश येईल तेव्हा पाठवणाऱ्याला विचारा: ग्रहाचा व्यास किती, आज तो किती दूर आहे, कोणत्या तारखेला पोहोचणार, आणि आज रात्री कोणत्या तारकासमूहात, कोणत्या विषुवांश-क्रांतीवर (आकाशातल्या रेखांश-अक्षांशांवर) पाहायचा? चारही आकडे मिळाले तर ११० चा नियम आणि दिवसाला ३६ लाख किलोमीटर एवढ्यावर ते तपासा. शंका उरलीच तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला जाऊन त्या जागेवर दुर्बीण लावायला सांगा. आकडे मिळाले नाहीत तर संदेश पुढे पाठवू नका. आणि काहीही झाले तरी सूर्याशेजारचा गोळा शोधण्यासाठी द्विनेत्री किंवा दुर्बीण सूर्याकडे रोखू नका. निबिरूने आजवर कोणाचे काही बिघडवलेले नाही, पण दुर्बिणीतून पाहिलेला सूर्य एका क्षणात कायमची दृष्टी घालवतो.